फॉर्मवर तिसरा चौकोन नव्हता

वॉरूका, रविवार, १४ जून २००९

कॉरल,

तुझं मशीन पोचलं. आयरिसनं ते गाडीच्या मागच्या सीटवर पट्टा बांधून आणलं, जणू आत्याबाईच बसल्यात. आत चिठ्ठी नव्हती. मी खोक्यातला फोम काढून दोनदा झाडून बघितला. नव्हतीच. आयरिस म्हणाली, "कॉरलनं नवं घेतलं, हे पडून होतं, म्हणाली हेडलीला नेऊन दे." बस. नऊ वर्षांत माझ्या बहिणीकडून मला आलेलं हे पहिलं वाक्य, आणि तेही चुलत बहिणीच्या तोंडून. पण आलं, हे काय थोडं झालं?

तुला आधी शेवट वाचायची खोड आहे, म्हणून शेवट इथेच सांगून टाकतो. मला तुझ्याशी बोलायचंय. मशीनला वर एक डोळा आहे, त्यातून माणूस दिसतो असं आयरिस म्हणते. तर त्या डोळ्यातून, तोंडासमोर तोंड करून. फोन मी चारदा केला, चारही वेळा तू ठेवलास. माझं तोंड बघूनसुद्धा ठेवशील का, ते मला बघायचंय. त्र्याहत्तर वर्षांचा झालो मी. तू सत्तरची. अजून किती वर्षं अशी रुसून काढायची आहेत?

आता इंटरनेटचं. आपल्या टेलिफोनच्या तारेची गत तुला माहीत आहे, पावसाळी हवा आली की आत बेडूक ओरडल्यासारखं होतं. म्हणून बार्लीची पेरणी आटोपली तसा कडिनाला गेलो आणि बिनतारी इंटरनेटचं डोंगल घेऊन आलो. करंगळीएवढं आहे. दुकानदारानं विचारलं, "कॉम्प्युटर कुठला?" मी म्हटलं, "बहिणीचा." तो म्हणाला, "मग काही अडचण नाही." शहाणाच होता.

घरी येऊन डोंगल खोचलं. तर मशीन म्हणे ही सीडी आहे. आत दोन कप्पे, एक विंडोजवाल्यांसाठी, एक मॅकवाल्यांसाठी. दोन्ही उघडेनात. तुझं मशीन तिसऱ्याच जातीचं निघालं, लिनक्स. पडद्यावरचा पेंग्विन, ती त्या लिनक्सची खूण, आपला माझ्याकडे बघत बसलेला.

मग कंपनीच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. चाळीस मिनिटं बासरी ऐकवली, मग एक गृहस्थ आले.

"सर, विंडोज कुठलं आहे?"

"विंडोज नाहीये. लिनक्स आहे."

"अच्छा. मग सर, आमचा त्याला सपोर्ट नाही."

"सपोर्ट ठेवा तुमच्याकडे. मला नुसतं चालू करून द्या."

"चालू करायचा प्रोग्रामच विंडोजवर चालतो, सर. तुमचा दिवस चांगला जावो."

आणि ठेवला! माझा दिवस त्यानंच घालवला आणि वर आशीर्वाद. पाकिटावर लिहिलंय की तीस दिवसांत चालू केलं नाही तर सिम बाद. म्हणजे बारा जुलैपर्यंत.

जून रो तुला आठवत असेल, शाळेत तुझ्या बाकावर बसायची. आता पलीकडचं शेत तीच बघते, आणि माझ्या घरातलंही तीच बघते असं तिला वाटतं. आज मटण-बटाटा भरून भाजलेल्या पेस्टी घेऊन आली, माझ्या पेस्टीच्या टोकाला पिठाचं एच अक्षर लावून, आपली आई लावायची तसं. सगळं ऐकून म्हणाली, "पुसून टाक ना तो पेंग्विन. विंडोज घाल. नाहीतर माझ्या घरी आण, माझ्या कॉम्प्युटरला लावून पाच मिनिटांत चालू करू." मी म्हटलं, "पुसायचं नाही. आणि तुझ्याकडे आणायचं नाही. तिच्या हातून जसं आलं तसंच ते चालू झालं पाहिजे." जून म्हणाली, "भावाबहिणीचं बोलणं नाही, आणि पेंग्विनची केवढी काळजी!" तिला काय कळतंय.

हेडली


वॉरूका, मंगळवार, २३ जून

कॉरल,

तुझं उत्तर आलं नाही. पण तू सापडलीस!

मशीनमध्ये काही राहिलंय का म्हणून धुंडाळत होतो, तर एका कप्प्यात तुझ्या होबार्टच्या ज्येष्ठांच्या क्लबाचे धडे निघाले. चौदा धडे. वर लिहिलंय, 'ऐकून न घेणाऱ्या पेन्शनरांसाठी'. अगं, चहाचे चार मग संपले वाचता वाचता. तुझाच आवाज, तसाच. 'धडा चौथा. मशीन नाही म्हणालं तर त्याच्यावर ओरडू नये. तेच पुन्हा विचारावं, पण या खेपेला नीट विचारावं.' हे तू मला आठ वर्षांची असताना ऐकवलं होतंस, मी तुझी सायकल मागितली तेव्हा.

आणि नववा धडा तर माझ्यासाठीच लिहिलेला. 'दुकानदार म्हणतो चालणार नाही, तेव्हा.' त्यात तू म्हटलंयस की डोंगल सुरुवातीला सीडीचं सोंग घेतं, कारण त्याच्या पोटात विंडोजवाल्यांचा प्रोग्राम भरलेला असतो. त्याला खडसावून सांगावं लागतं की सोंग पुरे, तू मोडेम आहेस. मग ती काळी खिडकी उघडायची आणि त्यात तुझ्या ओळी एकेक अक्षर बघून टाइप करायच्या. मी एका बोटानं टाइप केल्या. पहिल्यांदा एक टिंब राहिलं. दुसऱ्यांदा एक रेघ जास्त झाली. तिसऱ्यांदा डोंगलवरचा दिवा लालचा निळा झाला आणि मी खुर्चीवरून उठून स्वयंपाकघरात एकटाच टाळ्या वाजवल्या. कुत्रा घाबरून बाहेर पळाला.

पण घरात रेंज नाही. पश्चिमेकडे पाण्याच्या टाकीच्या चौथऱ्यावर चढलं की मिळते. तेव्हा मी आता वर खुर्ची नेऊन ठेवलीय, आणि डोंगल लांब वायरीला लावून, रेंज गोळा व्हावी म्हणून, जूनच्या चाळणीत बसवलंय. हसू नकोस, धडा अकरावा, तुझंच आहे हे, 'धातूची मोठी चाळण असल्यास उत्तम'. जून खालून ओरडत होती, "माझी चाळण परत कधी देणार?" मी म्हटलं, "पास्ता दुसऱ्या कशातून तरी गाळ."

आणि कॉरल, जोडलं गेलं! वाऱ्यात, टोपी कानांवर ओढून, मी इंटरनेटवर गेलो. पण गंमत अशी की कुठलंही पान उघडलं तरी एकच फॉर्म येतो. आधी सेवा चालू करा, मग पुढे जा. नाव लिहिलं. पत्ता लिहिला. जन्मतारीख लिहिली. शेवटी प्रश्न, तुमचा कॉम्प्युटर कुठला? आणि समोर दोन चौकोन. विंडोज आणि मॅक. तिसरा चौकोनच नाही. दोन्ही कोरे ठेवले तर फॉर्म लाल होऊन बसतो.

जून म्हणाली, "कर ना टिक विंडोजवर."

"विंडोज नाहीये."

"त्यांना कुठे दिसतंय?"

"मला दिसतंय."

"हेडली, एका चौकोनासाठी कोणी नरकात जात नाही."

"आज एका चौकोनासाठी नाही गेलो, तर उद्या दुसऱ्यासाठी जाईन."

ती हात झटकून निघून गेली. पण तुला माहीत आहे, मी खोटं बोलत नाही. चॅपलमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या मिसेस पास्कोनं विचारलं, "कसा वाजला?" तर मी सांगितलं होतं कसा वाजला. तिनं पुढे दोन वर्षं मला केक दिला नाही. असो.

ईस्टरचं ते मी विसरलो नाही. आईचं. डॉक्टर बुधवारी येऊन गेले आणि मी तुला फोन केला रविवारी, ती गेल्यावर. एसटीडीचा रविवारचा दर स्वस्त, म्हणून थांबलो, हे मी तेव्हाच सांगितलं होतं. चिकटूपणा होता, कबूल. आपल्याकडे लोक लग्नाची बातमीसुद्धा स्वस्त दर लागेपर्यंत दाबून ठेवायचे, तुलाही माहीत आहे. तरी चूक ती चूकच. ह्यापलीकडे मी त्यावर काय लिहू?

हेडली

ता. क. दहाव्या धड्यात 'पासवर्ड म्हणून कुत्र्याचं नाव ठेवू नये' असं आहे. उशीर झाला.


वॉरूका, शनिवार, ४ जुलै

कॉरल,

गेले अकरा दिवस मी रोज टाकीवर चढतो, फॉर्म उघडतो, त्या दोन चौकोनांकडे बघतो आणि खाली उतरतो. गुडघे दुखायला लागलेत. आता जूनला माझी दया येते, ती काही बोलत नाही. ती बोलत नाही म्हणजे प्रकरण गंभीर आहे.

परवा मी चौकोनावर बाण नेऊन ठेवला. विंडोजवर. नुसतं दाबायचं होतं. दाबलं की दहा मिनिटांत तुझा चेहरा. बोट हलेना. आणि स्वतःशीच अगदी मोठ्यानं म्हणालो, "मी खोटं बोलत नाही." वर कोणी नव्हतं ऐकायला, बगळ्यांशिवाय. पण ते शब्द माझ्याच कानांत असे काही वाजले की मी उतरलो, घरात आलो आणि तुला मागच्या पत्रात काय लिहिलं ते आठवून बघितलं. मग जेवण गेलं नाही. त्याबद्दल मी आज लिहीत नाही. लिहिणार आहे.

आधी चांगली बातमी. चालू झालं.

काल टाकीवर बसून, जूनच्या मोबाइलवरून, मदतीच्या नंबरावर पुन्हा फोन लावला, तुझा चौथा धडा पुढ्यात ठेवून. म्हटलं, नीट विचारायचं. या वेळी एक बाई होत्या, लूझ नावाच्या, मनिलाहून बोलत होत्या. त्यांनी तोच प्रश्न विचारला. मी म्हटलं, "बाई, लिनक्स आहे. तुमचा सपोर्ट नाही हे मला ठाऊक आहे. मला फक्त खोटी टिक करायची नाहीये."

त्या म्हणाल्या, "सर, एवढ्यासाठी कोणी फोन करत नाही."

"मी करतो."

"तुमच्या कॉम्प्युटरची दुरुस्ती मला करता येणार नाही. पण सिम कुठल्या कॉम्प्युटरात बसलंय ते सिमला कुठे कळतंय? ते तर मी इथून चालू करून देते. मागचा नंबर वाचा."

एकोणीस आकडे, सगळे मुंगीएवढे! चष्मा खाली घरात, मी वर टाकीवर. जूनला हाक मारली. ती शिडी चढून आली, कुरकुरत, आणि तिनं वाचले. लूझबाईंनी परत म्हणून दाखवले. मग मी विचारलं, "आणि कॉम्प्युटर कुठला, त्या जागी काय लिहिणार तुम्ही?" त्या म्हणाल्या, "माझ्या पडद्यावर 'इतर' असा चौकोन आहे, सर. तो गिऱ्हाइकांना दाखवत नाहीत." अगं, होता गं तिसरा चौकोन! खरं बोलणाऱ्यालाच तेवढा उघडून दाखवत होते.

अर्ध्या तासानं जगातली सगळी पानं उघडायला लागली. जूननं पहिल्यांदा काय बघितलं असेल? लोणच्याची कृती.

आयरिसनं तुझा ई-मेलचा पत्ता दिलाय, आणि कॅमेऱ्यावर हाक मारायचं ते बटणही दाखवलंय. तुझ्या नावापुढे हिरवा ठिपका आहे. म्हणजे तू तिथे बसली आहेस. काल संध्याकाळी होतीस, आज सकाळीही होतीस. मी हाक मारली नाही. ज्यासाठी एवढा आटापिटा केला ते समोर आलं आणि माझ्यानं बटण दाबवलं नाही. आधी एक गोष्ट लिहायची आहे, आणि ती टपालात टाकून चार दिवस वाट बघत बसायचं धाडस माझ्यात नाही. ती तुला मेलनंच पाठवीन. थोडा वेळ दे.

हेडली


मेल. गुरुवार, ९ जुलै २००९, दुपारी २.४०

कॉरल,

टाकीवर बसून लिहितोय. ऊन आहे, वारा पडलाय, खाली बार्ली टीचभर वर आलीय. कधी नव्हे ते घरचं सगळं ठीक चाललंय. म्हणून आजच लिहितो, नाहीतर पुन्हा निमित्त शोधीन.

मी तुला खोटं सांगितलं. स्वस्त दराचं.

बुधवारी डॉक्टर म्हणाले, दोन-तीन दिवस. मी बोळकंडीतल्या फोनपाशी गेलो, तुझे पाच आकडे फिरवले आणि ठेवून दिला. पैशांचा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. मला तू यायला नको होतीस.

तू यायचीस तेव्हा काय व्हायचं, तुला नाही माहीत, कारण तू नसताना ते घर कसं असायचं ते तू कधी बघितलंच नाहीस. तू येणार कळलं की आई चांगल्या कपबशा काढायची. केस बांधायची. रात्री तुम्ही दोघी बोलत बसायच्यात आणि मी चुलीत लाकडं घालायचो. तू गेलीस की कपबशा पुन्हा कपाटात. मी राहिलो तिच्याजवळ, जन्मभर राहिलो, लग्नसुद्धा केलं नाही, आणि आमच्यात बोलणं काय? "हेडली, लाकडं आण." "हेडली, गेट लावलंस का?" मी तक्रार करत नाही. तिचं माझ्यावर प्रेम नव्हतं असंही नाही. पण बोलायची ती तुझ्याशी.

आणि त्या बुधवारी, औषधामुळे असेल, नाहीतर आता वेळ उरला नाही म्हणून असेल, ती मला म्हणाली, "हेडली, बस." चौसष्टावं लागलं होतं मला. पहिल्यांदा म्हणाली. मी बसलो. ती बोलत राहिली. तिच्या लहानपणाचं, बाबांचं, मी जन्मलो त्या दिवसाचं. थांबायची, झोपायची, उठून पुन्हा बोलायची. मला वाटलं, तू आलीस की ती तुझ्याकडे वळेल आणि मी पुन्हा चहा टाकायला जाईन. म्हणून मी रोज म्हणालो, उद्या फोन करतो. गुरुवारी म्हणालो, शुक्रवारी म्हणालो. शनिवारी संध्याकाळी ती गेली.

रविवारी सकाळी तू फोनवर विचारलंस, "आधी का नाही कळवलंस?" आणि माझ्या तोंडून ते दराचं निघून गेलं. तू मानलंस. सगळ्यांनी मानलं, चिकटू म्हणून माझी ख्याती होतीच. चिकटू ठरणं मला परवडलं. हे सांगणं परवडलं नसतं.

तुझ्या आईचे शेवटचे तीन दिवस मी तुझ्याकडून घेतले. मला फार वाईट वाटतं, कॉरल. आणि खरं सांगायचं ठरवलंच आहे तर हेही सांगतो, ते तीन दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते. ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी माझ्या पोटात आहेत. नऊ वर्षं आहेत.

आता तू हवं तर तो हिरवा ठिपका विझवून टाक. मी समजून घेईन.

हेडली


मेल. गुरुवार, ९ जुलै २००९, दुपारी ३.२५

हेडली,

तो शुक्रवार गुड फ्रायडे होता. सुट्टीच्या दिवशी दिवसभर रविवारचाच दर लागायचा. एकतीस वर्षं मी ट्रंक एक्स्चेंजवर बसले, दर मला झोपेत विचारले तरी सांगता येतात. तू पैशांसाठी थांबला असतास तर शुक्रवारी सकाळी आठ वाजता फोन केला असतास, आणि शनिवारी मी वॉरूकाला पोचले असते. तेव्हा दराचं खोटं आहे हे मला फोन खाली ठेवायच्या आधीच कळलं होतं. खरं काय ते कळत नव्हतं. मला वाटलं, आईनंच सांगितलं असेल, कॉरलला बोलावू नकोस. नऊ वर्षं मी ते वाटणं घेऊन बसले होते, मूर्खा.

पहिलं वर्ष मी तू फोन केला नाहीस म्हणून रागावले. पुढची सगळी, तू खरं सांगत नाहीस म्हणून. आणि मशीन मी मुद्दाम हेच पाठवलं. विंडोजचं पाठवलं असतं तर तू पाच मिनिटांत चालू करून मला पावसापाण्याचं चार ओळींत लिहिलं असतंस आणि झालं. तू अडकलास तरच बोलतोस. लहानपणापासून.

तुझ्या जागी मी असते तर काय केलं असतं, ह्याचा मी आत्ता अर्धा तास विचार केला. मी तिथे असते, तू इथे असतास, आणि ती मला म्हणाली असती, "कॉरल, बस," तर मीही शुक्रवार जाऊ दिला असता. म्हणून रडतेय. रागानं नाही.

चांगल्या कपबशा ती माझ्यासाठी काढायची, हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, तुम्ही रोजच त्यातून पिता.

मी कॅमेऱ्यासमोर बसलेय. बटण हिरवं आहे, डाव्या हाताला, एकदाच दाब. तू लिहिलंस ती मी जन्माला यायच्या आधीची आई, ती मला कधी भेटलीच नाही. ती तुला काय काय म्हणाली, सगळं सांग. बुधवारपासून सुरू कर. मला कुठे जायचं नाहीये.

कॉरल